लीटरच्या रेषेपर्यंत

मित्रांनो, मापाचा एक जुना काचेचा जग तुमच्याशी बोलतो आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मला संडासाविषयीही बोलावं लागणार आहे, आणि तेव्हा तुम्ही फिदीफिदी करत बसलात तर माझं म्हणणं राहून जाईल. माझा कान मोठा आहे, चोच जरा वाकडी आहे आणि पोटावर लाल रेषा आहेत. सगळ्यात वरची रेषा लीटरची. तिच्यावर माझा फार जीव आहे.

माझा जन्म कारखान्यातला. रेषा रंगवून झाल्या की तिथली एक चष्मेवाली बाई प्रत्येक जगात पाणी ओतून माप पडताळायची. माझ्या दोन्ही शेजाऱ्यांच्या रेषा चुकल्या होत्या. त्यांना तिने बाजूला काढलं आणि पुन्हा वितळवायला पाठवलं. मी पास झालो. तेव्हापासून मी थोडा तोऱ्यात असतो हे खरं, पण अर्धंमुर्धं, अंदाजपंचे काही मला खपत नाही हेही तितकंच खरं.

दोन भावांनी मला त्यांच्या बेकरीसाठी घेतलं. थोरले पीठ मळत, धाकटे भट्टी सांभाळत. बेकरीच्या मागच्या अंगालाच त्यांचं घर होतं. मध्ये फक्त एक दार. घरात थोरल्यांची बायको, म्हणजे वहिनी, आणि त्यांची लहानगी लेक. धाकट्यांनी लग्न केलं नव्हतं. कुणी विषय काढला की ते म्हणत, "भट्टीपुढून उठायला सवड मिळाली की करतो." ती सवड काही त्यांना मिळाली नाही.

पाणी मोजताना बहुतेक माणसं वरून डोकावतात. वरून पाहिलं की रेषा फसवते. थोरले तसं करत नसत. मला ओट्यावर ठेवून ते गुडघ्यात वाकत, एक डोळा मिटून रेषेच्या बरोबर समोर येत आणि विचारत, "काय साहेब, जमलं का?" मग सगळी बेकरीच मला साहेब म्हणू लागली. पिठाने माखलेला त्यांचा हसरा चेहरा मला रोज माझ्या काचेतून दिसायचा. मला त्या चेहऱ्याची फार आठवण येते. खरं सांगायचं तर दुसऱ्या कशाची फारशी येतच नाही.

धाकट्यांची रीत वेगळी होती. भट्टीतून ट्रे निघाला की ते एका पावाचा कोपरा मोडून तोंडात टाकत, डोळे मिटून चावत आणि मग मान हलवत. मान हलली की ट्रे दुकानात. साधा पाव, गोड पाव, तिळाचा पाव, सगळ्यांना हाच कायदा. त्यांची मान हलल्याशिवाय एकही ट्रे कधी पुढे गेला नाही.

मग थोरल्यांचं काहीतरी बिनसलं. पीठ मळता मळता ते मध्येच हात धुऊन आत जात आणि बऱ्याच वेळाने परत येत. एप्रनच्या नाड्या पोटाभोवती आणखी एक वेढा घेऊ लागल्या. त्यांना शौचावाटे रक्त पडत होतं, हे मला फार उशिरा, घरातल्यांच्या बोलण्यातून कळलं. वहिनींनी एकदा विचारलं होतं, "अहो, तुमची तब्येत बरी आहे ना? तोंड किती उतरलंय." थोरले हसून म्हणाले, "भट्टीजवळ राहून उष्णता नाही वाढणार तर काय होणार?" पाण्याच्या मापात थेंबाचाही फरक खपवून न घेणारा हा माणूस स्वतःच्या पोटाच्या बाबतीत मात्र अंदाजपंचे चालला होता. लाजत होता बिचारा. असल्या गोष्टी बायकोला तरी कशा सांगायच्या, असं त्यांना वाटलं असणार.

शेवटी चक्कर येऊन पडले तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी करायला सांगितली. मित्रांनो, शब्द अवघड असला तरी गोष्ट सोपी आहे. शौचाच्या जागेतून एक लवचीक नळी आत घालतात. तिच्या टोकाला कॅमेरा असतो आणि मोठं आतडं आतून कसं आहे ते डॉक्टरांना पडद्यावर दिसतं. त्यासाठी आतडं धुतल्यासारखं स्वच्छ लागतं. म्हणून आदल्या दिवशी जेवण बंद, आणि एक पावडर पाण्यात ढवळून प्यायची. ती प्यायली की माणूस संडासाच्या वाऱ्या करतो. ती पावडर थोरल्यांनी माझ्यातच ढवळली. ग्लास तोंडाला लावून म्हणाले, "यात यीस्ट जास्त पडलंय रे, पोट बघ कसं फुगतंय!" धाकटे हसले. थोरल्यांना वाकायला त्रास होत होता, तरी ओट्याला धरून ते वाकले आणि हळूच म्हणाले, "काय साहेब, जमलं का?" त्यांनी मला हे विचारलं ते शेवटचंच.

आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. ती मोठी झाली होती आणि रोग पसरला होता. थोरले गेले.

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की भावाने आणि लेकीने, काही दुखत नसलं तरी, वेळच्या वेळी ही तपासणी करून घ्यावी. घरातल्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. धाकट्यांनी मला स्वच्छ धुतलं, पुसलं आणि स्वयंपाकघरातल्या कपाटावर, जुन्या डब्यांच्या मागे, पालथा घालून ठेवलं. बेकरीत विजेचा काटा आला. पाणी आता त्याच्यावर तोलून घेतात. माझा त्याच्यावर राग नाही. पण त्याच्यापुढे कुणी वाकत नाही आणि त्याला कुणी काही विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. वहिनींनी बेकरीत पाऊल टाकणं सोडलं. मधलं दार त्या लावूनच ठेवत. दाराआडून ट्रे आपटल्याचा आवाज आला की मी कान देऊन ऐकायचो, थोरल्यांचं हसणंही ऐकू येईल म्हणून. ते कधी आलं नाही. धूळ मात्र रोज यायची.

अशी पुष्कळ वर्षं गेली. लेक मोठी होऊन दुकानात उभी राहू लागली. तिचं बोलणं वडिलांसारखं खेळकर, पण हट्ट कुणाचा घेतला होता देव जाणे. एके दिवशी दुपारी ती पावडरची पाकिटं घेऊन आत आली.

"काका, उद्या तुमची तपासणी आहे. मी नाव नोंदवून आलेय. सकाळपासून तुम्हाला जेवू दिलं नाही ते त्यासाठीच."

"मला काय धाड भरलीय?"

"बाबाही हेच म्हणायचे."

 लेकीने स्टूल घेतलं, कपाटावरचे डबे सरकवले आणि मला खाली काढलं. मला पाहताच धाकट्यांचा चेहरा उतरला.

"तो नको."

"का?"

"नको म्हटलं ना! दुसरं काहीतरी बघ."

"दुसऱ्या कशाला लीटरची खूण नाही, काका."

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तेव्हा मला कळलं की ते नळीला घाबरत नव्हते, पावडरच्या चवीलाही नाही. ते मला घाबरत होते. थोरल्यांचा शेवट माझ्यापासून सुरू झाला, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं की अहो, माझंही माणूस गेलंय. पण वहिनीच बोलल्या.

"त्याचा काय दोष, भाऊजी? त्याने मोजलं तेवढंच."

धाकट्यांनी डोळे पुसले आणि पाकीट फोडलं. पहिल्या घोटालाच म्हणाले, "समुद्रात लिंबू पिळलंय की काय?" मग संध्याकाळभर घरात त्यांच्या चपलांचा फटाफट आवाज चालू होता. लेक प्रत्येक वेळी ओरडे, "काका, जपून, पाय घसरेल!" आणि आतून उत्तर येई, "पाय नाही गं, सगळंच घसरतंय!"

दुसऱ्या दिवशी मात्र ते फुरंगटून परत आले. आतडं साफ नव्हतं. नीट काही दिसलंच नाही. पुन्हा सगळं करावं लागणार होतं.

"म्हणे आत जागोजागी तीळ दिसले," ते खुर्चीत बसत म्हणाले. "मी अन्नाला शिवलोसुद्धा नाही आणि म्हणे तीळ!"

"खरं सांगा काका. कुणी काही बोलणार नाही तुम्हाला."

"तुझ्या बापाची शपथ! दिवसभर नुसत्या पाण्यावर होतो."

ते खोटं बोलत नव्हते. मी त्यांना ओळखतो. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"भाऊजी, काल सकाळी भट्टीवर होतात ना?"

"होतो. काम कुणी करायचं?"

"ट्रे चाखलेत?"

"म्हणजे काय? न चाखता पुढे कसे पाठवू?"

"तिळाचेसुद्धा?"

"सगळेच चाखले. आदल्या दिवशीही आणि त्याच्या आधीही." मग ते एकदम थांबले. "पण वहिनी, ते चाखणं झालं. ते काय खाणं आहे?"

वहिनी हसू लागल्या. थोरले गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "हेही अगदी अस्सेच," त्या म्हणाल्या. "दिवसभर तोंड चालू, आणि संध्याकाळी म्हणायचे, सकाळपासून पोटात कण नाही." हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग बराच वेळ त्यांनी तो काढला नाही.

धाकटे मात्र अडून बसले. "मग राहू दे ती तपासणी. पाव चाखल्याशिवाय दुकानात पाठवणं मला जमायचं नाही. जन्मात कधी केलेलं नाही."

लेकीचा चेहरा रडवेला झाला. एकदा बाप गेला होता, आता काकाही हट्टापायी हातचे जातात की काय, असं तिला वाटत असणार. मलाही तेच वाटत होतं. त्यांना थांबवायला माझ्याकडे ना हात, ना जीभ. इतकी वर्षं मी कपाटावर होतो, पण एवढा असहाय मी तेव्हाही नव्हतो.

"मी चाखते," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी उठून मधलं दार उघडलं. तिळाचे दाणे आतड्यात दिवसेंदिवस राहतात, म्हणून तपासणीच्या आधीचे काही दिवस त्याच रोज भट्टीपाशी उभ्या राहिल्या. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर होतो, उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. धाकटे हात मागे बांधून त्यांच्या हनुवटीकडे टक लावून बघत उभे असत.

"वहिनी, मान हलवा की! पाव गार होतोय."

"घाई करू नका. मीठ कमी आहे."

"कमी? माझ्या हातचं मीठ कमी?"

"कमीच आहे." आणि खरोखरच, दुसऱ्या दिवसापासून मीठ वाढलं.

पुन्हा पावडर ढवळायची वेळ आली तेव्हा धाकट्यांनी मला स्वतः उचललं. पाणी ओतलं, ओट्यावर ठेवलं आणि गुडघ्यात वाकून, एक डोळा मिटून ते माझ्या रेषेसमोर आले. तेच कपाळ, तेच रुंद नाक. माझ्या काचेत क्षणभर थोरलेच उभे राहिले. पण ते धाकटे होते, आणि त्यांनी काही विचारलं नाही. मला त्यांचं बरं व्हावं असं मनापासून वाटत होतं. तरीही मला तो दुसरा चेहरा हवा होता. तुमचं माणूस गेलं असेल तर तुम्हाला हे समजेल.

या वेळी आतडं स्वच्छ होतं. दुपारी काका-पुतणी परत आली आणि वहिनींसोबत टेबलाभोवती बसली. धाकट्यांना गुंगीच्या औषधामुळे झोपेतून उठल्यासारखं वाटत होतं. लेक सांगत होती की काकांच्या आतड्यात मांसाचा एक छोटा कोंब निघाला. पॉलिप म्हणतात त्याला. डॉक्टरांनी त्याच नळीतून तो तिथल्या तिथे काढून टाकला. काही दिवसांनी त्या कोंबाच्या तपासणीचा निकालही आला. रोग नव्हता, पण कोंब तसाच राहिला असता तर वर्षा-दोन वर्षांत नाही तरी पुढे कधीतरी त्याचा रोग होऊ शकला असता. लेकीने त्याच दिवशी स्वतःच्या तपासणीसाठीही विचारून ठेवलं.

निकाल ऐकून वहिनींनी विचारलं, "केवढं होतं हो ते?"

धाकट्यांनी करंगळीचं टोक दाखवलं. "एवढंसं. वाटाण्याएवढं."

वहिनी स्वतःच्या करंगळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे यांचंही कधीतरी एवढंच असणार."

लेकीने त्यांचा हात हातात घेतला. मी मात्र त्या दिवसांत जाऊन पोचलो, जेव्हा थोरले रोज माझ्यासमोर वाकून हसत होते. तेव्हा त्यांच्या पोटात ते वाटाण्याएवढं होतं. एका सकाळचं काम होतं. ते आज म्हातारे झाले असते. गुडघे धरून कुरकुरत का होईना, वाकले असते.

मित्रांनो, मी काचेचा आहे, मला जपून धुवा आणि फोडू नका, एवढं सांगून मी गप्प बसलो असतो. पण मला तुमच्याकडे दुसरंच मागायचं आहे. तुमच्या घरी कुणी संडासातून गप्प होऊन बाहेर येत असेल, कुणाचे कपडे उगाच ढगळ होत असतील, डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी कुणी उद्यावर ढकलत असेल, तर त्यांना विचारा. ते लाजतील, रागावतील, थट्टेवारी नेतील. थोरल्यांना वहिनींनी एकदा विचारलं होतं. ते हसले आणि विषय तिथेच संपला. तुम्ही दुसऱ्यांदा विचारा.