पोलादी तारांखाली

मित्रांनो, मी नायलॉनच्या तारांसाठी बनवलेली एक जुनी गिटार आहे. माझी ओळख एवढ्यावरच संपते, पण त्यातला ‘नायलॉनच्या तारांसाठी’ हा भाग नीट वाचा. गिटारी दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारच्या गिटारीच्या मानेत पोलादी कांब असते आणि पोटात जाड आडपट्ट्या असतात. ती पोलादी तारांचा ताण सहज सोसते. माझ्या मानेत नुसते लाकूड आहे आणि माझी पुढची फळी तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीएवढीच पातळ आहे. बाहेरून मात्र आम्ही सख्ख्या बहिणी दिसतो.

ज्या कारागिराने मला घडवले, तो फळी तासताना सारखी बोटाने ठोकून कानाशी धरायचा. ती जरा आणखी पातळ केली की आवाज गोड होतो, हे त्याला माहीत होते. फळीच्या मध्यावर त्याने तारा बांधायची लाकडी घोडी सरसाने चिकटवली. माझा आवाज मोठा नव्हता, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला एकेक सूर वेगळा ऐकू यायचा.

मला एका मुलीच्या मामाने विकत घेतले. ती तेव्हा रसायनशास्त्र शिकत होती. वसतिगृहाच्या खिडकीत बसून ती मला वाजवायची आणि चुकली की स्वतःलाच म्हणायची, “पुन्हा. सावकाश.” ती माझी चांगली वर्षे. पुढे तिला पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, मग लग्न, मग मूल. मी एका काळ्या कडक पेटीत गेले आणि पेटी कपाटाच्या डोक्यावर गेली.

मित्रांनो, पेटीत गिटार कशी राहते, हे तुम्हांला ठाऊक नसेल. आत मखमल असते आणि माझ्याच आकाराचा खळगा असतो. तो इतका मापाचा असतो की कूस बदलायलाही जागा उरत नाही. माझ्यावर आधी एक सूटकेस आली, नंतर पांघरुणांची गठडी, नंतर बाळाचा मोडका पाळणा. घर मला फक्त ऐकू यायचे. रडणारे बाळ शाळेच्या कविता म्हणू लागले, मग इंग्रजीत भांडू लागले. मी ऐकत राहिले. मला उत्तर देता येत नव्हते.

मला बाहेर काढले ते तिच्या धाकट्या दिरांनी. त्यांचे मित्र दातांचे डॉक्टर होते. दवाखाना बंद असेल त्या रविवारी दोघे मिळून तिथे बँड वाजवायचे. डॉक्टर ड्रमवर आणि दीर गायला. दोघांनीही चाळिशी ओलांडली होती, म्हणून बँडचे नाव ‘अक्कलदाढ’.

“वहिनी, तुमच्याकडे गिटार होती ना? की भंगारात घातली?” दिरांनी विचारले.

“आहे. पण मी विसरले असेन सगळं.”

“आम्हांला कुठं काय येतंय? या तुम्ही.”

तिने डाव्या हाताची नखे कापली आणि माझ्यावर नव्या नायलॉनच्या तारा चढवल्या. बोटांची टोके सुजली तरी ती रोज संध्याकाळी सराव करायची. प्रयोगशाळेतून आलेली, गप्प, दमलेली बाई गाण्याच्या दुसऱ्या ओळीपर्यंत वेगळीच दिसू लागायची. सासूबाई शेजारच्या खोलीतून ओरडायच्या, “अगं, तीच ती ओळ किती वेळा? मला झोपेतसुद्धा पाठ झाली!”

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावून आम्ही बसायचो. भिंतीवर किडक्या दाढेचे भले मोठे चित्र होते आणि हवेत लवंगेच्या तेलाचा वास. डॉक्टर ड्रमवर बसले की काचेच्या कपाटातल्या कवळ्या थरथरायच्या.

“वहिनी, तुमची गिटार दिसते छान,” दीर म्हणाले. “ऐकायला कुठं मिळते?”

“मी हळूच वाजवतोय हो,” डॉक्टर म्हणाले.

“डॉक्टर, तुम्ही ‘दुखणार नाही’सुद्धा असंच म्हणता!”

सगळे हसले. तीही हसली. पण पुढच्या महिन्यात वसाहतीच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम होता आणि तिथे आपण कुणालाच ऐकू येणार नाही, हे तिला कळले होते. घरी जाताना तिने दुकानातून पोलादी तारा घेतल्या. पोलाद मोठ्याने वाजते, एवढे तिला ठाऊक होते. ते मोठ्याने का वाजते, हा प्रश्न प्रयोगशाळेत तिने नक्की विचारला असता. माझ्या बाबतीत तिला तो सुचला नाही.

पोलादी तार सुरात आणायची तर ती फार ताणावी लागते. माझ्यावरचा ताण एका संध्याकाळीत जवळजवळ दुप्पट झाला. खरे सांगते, पहिल्यांदा मला अभिमानच वाटला. रविवारी माझा आवाज ड्रमच्या वर चढला. “वा! आज खरी गिटार आली बँडमध्ये!” डॉक्टर म्हणाले आणि तिचा चेहरा उजळला.

पण रात्रंदिवस तारा माझी मान पुढे ओढत होत्या आणि घोडीला फळीवरून उपटत होत्या. मी हळूहळू वाकू लागले. गिटार वाकली की तारा किंचित सैल होतात आणि सूर उतरतो. मला बोलायची तेवढीच एक रीत होती. मी रोज सूर उतरवून सांगत होते, की मला हे झेपत नाही. ती रोज कान देऊन ऐकायची, “उतरलाय वाटतं,” म्हणायची आणि खुंटी पिळून तार पुन्हा ताणायची. मी जितके सांगावे, तितकी आवळली जात होते.

मान वाकल्यामुळे तारा मानेपासून उंच गेल्या. आता त्या दाबायला दुप्पट जोर लागायचा. तिची बोटे सोलवटली. जे स्वर आदल्या महिन्यात सहज लागत होते, ते चुकू लागले. ती तळहात दिव्याखाली धरून बघायची. माझ्याकडे मात्र बघायची नाही.

“वय झालं माझ्या बोटांचं,” ती एकदा नवऱ्याला म्हणाली.

“छंद आहे. इतकं कशाला मनाला लावून घेतेस?” तो वर्तमानपत्रातून म्हणाला.

कार्यक्रम आठवड्यावर आला असताना तिची एकाच गाण्यात तीनदा चूक झाली. डॉक्टर फार चांगले गृहस्थ, त्यांनी आवाज मऊ करून सांगितले, “ताई, असं करू या का? या वेळी तुम्ही फक्त ऐकायला या. माझ्या ओळखीचा एक वाजवणारा आहे.”

“चालेल ना,” ती लगेच म्हणाली. दीर बुटाची नाडी बांधत राहिले, सुटलेली नसताना.

घरी येऊन तिने मऊ फडक्याने मला पुसले, पेटीत ठेवले आणि दोन्ही कड्या लावल्या. तिने मला फार जपून ठेवले, मित्रांनो. पण तारा तशाच ताणलेल्या होत्या. पहिल्या कोंडवासात मी निदान थकल्यासारखी पडून होते. आता अंधारात मला कुणीतरी सतत ओढत होते आणि हालायला जागा नव्हती. घोडीखालचा सरस कणाकणाने सुटत होता. तो सुटताना बारीक आवाज व्हायचा, टिक्, टिक्.

तो आवाज ऐकला सासूबाईंनी. पेटी त्यांच्याच दाराआड ठेवली होती. सून कामावरून येताच त्यांनी तिला गाठले.

“तुझ्या त्या पेटीत काहीतरी कुरतडतंय. उंदीर असला तर आत्ताच सांग, मी माहेरी निघून जाते.”

“आई, या वयात?”

“मग? माहेर काय वय विचारतं?”

तिने हसत कड्या काढल्या. उंदीर नव्हता. सासूबाई वाकून मला न्याहाळू लागल्या. “अगं बाई! हिचं पोट बघ. सातव्या महिन्यातली वाटते.”

“असंच असतं ते, आई.”

“असंच? मग तू रोज मांडीवर घ्यायचीस तेव्हा सपाट कशी होती?”

तिचे हसू थांबले. तिने लेकाच्या दप्तरातली पोलादी पट्टी आणली आणि माझ्या फळीवर आडवी ठेवली. पट्टी फुगवट्यावर डुलू लागली. मग तिने पट्टी मानेवर उभी धरली. खालून उजेड दिसला. मग कागदाचा कपटा घेऊन तिने घोडीच्या कडेला टेकवला आणि तो अलगद आत सरकला. ती जमिनीवरच बसली.

“म्हणजे बोटं नव्हती,” ती म्हणाली.

“काय नव्हती?”

“माझी बोटं ठीक आहेत, आई. मीच हिला...” सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आधी तिला सोडव. मग रड.”

तिने एकेक खुंटी थोडी थोडी सैल केली. एका झटक्यात नाही, आळीपाळीने. सूर खाली खाली घरंगळत गेले. शेवटी तारा लोंबल्या आणि मला पहिल्यांदाच स्वतःचे वजन जाणवले.

घोडी पुन्हा चिकटवून घेतली, नायलॉनच्या तारा परत आल्या. मानेतला बाक मात्र पूर्ण गेला नाही. वरच्या भागातले सूर आता माझ्यातून नीट निघत नाहीत. ते कायमचे आत राहिले. कार्यक्रम तर तिच्याशिवाय होऊनही गेला होता.

त्यानंतरच्या रविवारी ती मला घेऊन दवाखान्यात गेली.

“परत नायलॉन?” दीर म्हणाले. “वहिनी, ऐकू यायच्या नाहीत तुम्ही.”

“नाही येणार. हिला याहून जास्त ताण चालत नाही, मी मोजून बघितलंय.” तिचा आवाज हळू होता, पण हलला नाही. “मला वाजवायचंय. तेव्हा एका गाण्यापुरता आवाज तुम्हीच कमी करायचा.”

डॉक्टरांनी रुग्णांच्या छातीवर अंथरायचे जाड टॉवेल आणले आणि ड्रमवर पसरले. दीर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि बोलल्यासारखे गायला लागले. ती दोन ठिकाणी चुकली. “पुन्हा घेऊ,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा घेतले.

मित्रांनो, आम्हां वस्तूंना तोंड नसते. आम्ही फक्त बिघडून बोलतो. सूर उतरला, चाक करकरले, दार घासू लागले, की आम्हांला आणखी आवळण्याआधी एकदा पट्टी लावून बघा. आम्हांला आत ठेवताना तारा सैल करा. आणि एखादी आवडती गोष्ट अचानक जमेनाशी झाली, तर स्वतःला दोष देऊन तिचे झाकण लावू नका. कदाचित तुमची बोटे ठीक असतील.