पुसून बांध

"एवढं साधं कळत नाही तुम्हाला? पुसून बांधायचं!" साहेब सगळ्यांसमोर ओरडले आणि नवीन बाईंनी मान खाली घातली.

कोपऱ्यातल्या गवंडीकाकांनी चहाचा कप खाली ठेवला. काका काही विटा रचणारे गवंडी नव्हेत. कंपनी हॉस्पिटलातल्या औषधाच्या पंपांसाठी प्रोग्राम लिहायची, आणि शेकडो फाइलींतून एक चालता प्रोग्राम बांधायची व्यवस्था काका एकोणीस वर्षं सांभाळत होते. बांधतो तो गवंडी, असं कुणीतरी कधीतरी म्हणालं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

काल हॉस्पिटलची माणसं पंप बघायला आली होती. पडद्यावर आकडा पाचचा, आणि नळीतून पडलं पन्नास. भांड्यात नुसतं पाणी होतं म्हणून निभावलं, पण शोभा व्हायची ती झालीच. तो प्रोग्राम नवीन बाईंनी बांधला होता. मुलीच्या आजारपणात पाच वर्षं घरी बसून त्या परत नोकरीला लागल्या होत्या, त्याही तीन महिन्यांच्या बोलीवर. आज चार वाजता त्यांचा निकाल लागणार होता, आणि तो काय लागणार हे चहावाल्यालाही ठाऊक होतं.

काही विचित्र दिसलं की आधीचं बांधलेलं सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून बांधायचं, ही इथली जुनी रीत. अर्धा तास जायचा, पण विचित्रपणा पळायचा. तो आला कुठून, हे कुणी विचारायचं नाही. रीत पाडली होती काकांनीच, आणि नवीन बाईंना ती कुणी सांगितली नव्हती.

साहेब गेल्यावर काका खुर्ची ओढत त्यांच्याजवळ गेले. "अगं, पुसलंस का सगळं?"

"नाही काका. सगळे म्हणतायत पूस. पण पुसल्यावर काय चुकलं होतं ते कळणार कसं?"

बरोबर आहे पोरीचं, काकांच्या मनात आलं. आपल्याला का नाही सुचलं हे इतक्या वर्षांत?

"सरक जरा," ते म्हणाले.

औषधाचं माप कुठल्या खणात ठेवायचं, हे एका सामायिक फाइलीत लिहिलेलं असे. अशा फाइलीला हेडर म्हणतात. बाईंनी त्यात मध्येच एक नवा खण घातला होता, आणि तो रीतसर घातला होता. हेडर बदललं की ते वापरणारी प्रत्येक फाइल नव्याने बांधली जायला हवी, आणि कोण कुठलं हेडर वापरतं याची यादी व्यवस्थेनं आपली आपण ठेवायची असते. पडद्याच्या फाइलीत बाईंनी स्वतः बदल केला होता, म्हणून ती नवी झाली. नळीत औषध ढकलणाऱ्या मोटारची फाइल मात्र जुनीच राहिली आणि जुन्या जागी हात घालून भलताच आकडा उचलत बसली.

काकांनी मोटारची यादी उघडली. अकरा हेडरं होती. हवं होतं तेच नव्हतं. त्यांनी त्या हेडरमध्ये मुद्दाम एक कोरी ओळ टाकली आणि बांधायचा हुकूम सोडला. उत्तर आलं, करण्यासारखं काही नाही, सगळं ताजं आहे.

"ताजं म्हणे!" बाई कडवट हसल्या.

काका हसले नाहीत. त्यांनी व्यवस्थेची मुख्य फाइल उघडली आणि ओळीओळीवरून बोट फिरवत गेले. एका ओळीवर बोट थांबलं. बाहेरून आणलेल्या तयार सामानाबद्दल धोक्याच्या सूचना देऊ नकोस, असं कंपायलरला, म्हणजे फाइली तपासून बांधणाऱ्या प्रोग्रामला, सांगायची सोय असते. कुणीतरी घरचंच सामायिक हेडरांचं फोल्डर बाहेरचं म्हणून नोंदवून टाकलं होतं. सूचनांची कटकट थांबली, पण बाहेरच्यांचे बदल यादीतही धरले जात नाहीत, हे त्या शहाण्याच्या लक्षात आलं नव्हतं.

ओळ कुणी लिहिली ते बघायला काकांनी इतिहास उघडला. नाव त्यांचंच होतं. अकरा वर्षांपूर्वीचा गुरुवार, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं.

तो गुरुवार त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. दोनशे सूचना अडून बसल्या होत्या, प्रोग्राम त्याच दिवशी द्यायचा होता, आणि हॉस्पिटलातून मेहुणीचा फोन आला होता, "भावजी, असाल तसे निघा." ती एक ओळ लिहून ते निघाले. बायको शुद्धीवर होती. पंधरा मिनिटं मिळाली. ती म्हणाली, "आज लवकर सुटलात?" काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत चढवला.

पावणेचारला ते साहेबांच्या खोलीत गेले. हे साहेब एके काळी काकांच्या शेजारी बसून काम शिकलेले.

"चूक बाईंची नाही. माझी आहे. हे बघ."

साहेबांनी त्या ओळीच्या इतिहासाचा छापलेला कागद वाचला, मग उठून दार लोटलं. "काका, असं काही नसतानाही वरचे लोक तुम्हाला काढायला टपलेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीयत तुमची. कशाला पायावर धोंडा मारून घेताय?"

"तिला घालवशील मग?"

साहेबांनी चुकीच्या अहवालाचा छापील फॉर्म पुढे सरकवला. "निदान कारण तरी नीट लिहा. वहिनींचं आजारपण त्याच सुमाराला होतं ना? तसं लिहा. कदाचित ऐकतील."

"नको. तिला नको मध्ये आणू," काका म्हणाले. कारणाच्या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला, घाई. खाली सही केली.

साडेचारला वरून निरोप आला, उद्यापासून येऊ नका. पाचला ते खण आवरत होते. डबा, जुनी छत्री, चष्म्याचं घर, एवढाच संसार. ती ओळ काढून टाकल्यावर नवीन बाईंनी एकदाच, शेवटचं, पुसून बांधलं होतं. मग हेडरमध्ये कोरी ओळ टाकून पाहिली, तर मोटारची फाइल आपली आपण पुन्हा बांधली गेली. ते सांगायला त्या धावत आल्या आणि आवरलेला खण बघून तिथेच थबकल्या. डोळे भरले होते. काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "काका, इतकी कसली हो घाई होती त्या दिवशी?"

"घरच्यांना भेटायला जायचं होतं."

"मग? पोचलात का वेळेवर?"

"हो," काका म्हणाले, "पोचलो." आणि छत्री काखेत धरून जिन्याकडे निघाले.