झौरच्या मातीला

झौर गेल्याचा फोन आला तेव्हा लामारा साबिनोबाबांच्या पायाची नखं कापत होती. फोन जॉर्जियाहून, तिच्या मुलाचा, मेराबीचा होता.

"आई, बाबा गेले. द्राक्षांच्या मांडवाखाली बसले होते, बसल्या जागीच कलंडले."

"बरं," लामारा म्हणाली. मग तिनं विचारलं, "घरी कोण कोण आलंय?"

मेराबी रडत होता. जरा सावरल्यावर तो म्हणाला, "तू येऊ नकोस. तुझे तिथं राहायचे कागद अजून झाले नाहीत. एकदा बाहेर पडलीस की परत आत घेणार नाहीत. आत्यापण तेच म्हणतेय."

"बरं."

तिनं फोन खिशात टाकला आणि उरलेल्या पायाची नखं कापायला घेतली.

"तोंड का असं, शिळ्या पावासारखं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"माझं तोंडच तसं आहे, बाबा."

म्हातारा हसला. जन्मभर समुद्रावर मासेमारी केलेला माणूस, आता गुडघ्यांनी घरात बसवला होता. जीभ मात्र बसली नव्हती.

इटलीतल्या बारी शहरात, या म्हाताऱ्याच्या घरी येऊन लामाराला वर्ष होत आलं होतं. गावचा कारखाना बंद पडला, त्यात झौरचं काम गेलं, मेराबीचं शिक्षण अर्ध्यावर होतं. इटलीत म्हाताऱ्यांना सांभाळायला बायका लागतात म्हणून गल्लीतल्या बायका एकेक करून निघाल्या होत्या, तशीच हीही निघाली. इथलं सगळं ती शिकली. दुपारी खिडक्यांच्या झडपा ओढून घ्यायच्या, एकच्या सुमाराला ताट मांडायचं, जिन्यात भेटेल त्याला नमस्कार करायचा. चुकत काही नव्हतं. पण दुसऱ्याच्या चपला पायात सरकवून अंगणात जावं, तसं तिचं सगळं चाललं होतं. चपला कुणाच्या, हे विचारायचंही तिनं सोडून दिलं होतं.

माती शनिवारी होती. झौरच्या पुतणीनं व्हिडिओ फोन लावला. लामारानं तो स्वयंपाकघरात तेलाच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि एकीकडं टोमॅटो चिरत राहिली. तिकडं गावी तिच्याच घराच्या अंगणात शवपेटी ठेवली होती. भोवती काळ्या कपड्यांतल्या बायका. नणंद गळा काढून रडत होती, झौरच्या लहानपणापासूनच्या गोष्टी एकेक करून त्यालाच सांगत होती.

"काकू, जवळ नेऊ?" पुतणीनं विचारलं.

"ने."

झौरचा चेहरा जवळ आला. दाढी कुणीतरी चांगली केली होती.

"बोला ना काकू काकांशी. सगळे ऐकतायत."

सगळ्यांची तोंडं फोनकडं वळली. लामारानं सुरी खाली ठेवली.

"त्याची कॉलर आत दुमडलीय," ती म्हणाली. "सरळ कर."

पुतणीचा हात पुढं आला, कॉलर सरळ झाली.

"आता बरंय."

"एवढंच?" नणंदेचा आवाज आला. "अख्खा संसार केला, आणि शेवटी कॉलर?"

मग फोन हलला, आभाळ दिसलं, माणसांचे खांदे दिसले आणि चित्र अडकून पडलं. लामारानं पाण्यात पास्ता सोडला.

"गिच्च झालाय," जेवताना म्हातारा करवादला. "लक्ष कुठंय तुझं?"

दुसऱ्या दिवशी समोरच्या दारातली नुन्झिया आली. लामाराच्या गावच्या बायका बागेत जमतात, त्यांच्याकडून तिला कळलं होतं. तिनं आल्या आल्या लामाराला मिठी मारली आणि म्हाताऱ्याला बातमी समजली.

"माती कधी झाली?"

"काल, बाबा."

"काल तू मला जेवायला वाढलंस."

"वाढलं."

"आणि मी गिच्च म्हणून बोंबललो."

"झालाच होता."

म्हातारा लाल झाला. "लाज काढलीस माझी. मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजारी जेवण आणतात. तुमच्याकडं माणसं मरत नाहीत का?"

"मयत तिकडं झालं. हे घर तुमचं."

"तू झोपतेस कुठं?"

"इथंच."

"मग?"

नुन्झियानं कोंबडीचा रस्सा आणला. म्हाताऱ्यानं लामाराला खुर्चीवर बसवलं आणि वॉकर ढकलत स्वतः वाट्या मांडल्या. अर्धा रस्सा टेबलावर सांडला. ती पुसायला उठली तर ओरडला, "बस खाली."

ती बसली, जेवली. दोघं तिच्याकडं बघत होते.

"रड गं बाई, मोकळी हो," नुन्झिया म्हणाली.

लामारानं खरंच करून पाहिलं. झौरचे हात आठवले, लग्नातला त्याचा ढगळ कोट आठवला, डोळे घट्ट मिटले. एक उचकी आली, बाकी काही नाही.

"येत नाही," ती म्हणाली, डॉक्टरला सांगावं तशी.

"येईल," म्हातारा म्हणाला. "माझी बायको हिवाळ्यात गेली, मला उन्हाळ्यात आलं. भर मासळीबाजारात. विकणाऱ्याला वाटलं, भाव ऐकून रडतोय. त्यानं कमी केला."

नुन्झिया हसली, मग तिनं तोंडावर हात ठेवला. लामारानं, पुढ्यात ठेवली म्हणून, दुसरी वाटीही संपवली.

वसंतात कागद झाले आणि ती गावी जाऊन आली. तिकडच्या रीतीप्रमाणं थडग्यावर वाईन ओतली, अंडी ठेवली. नणंद तिच्या डोळ्यांकडं बघत होती. डोळे कोरडेच राहिले. घरी तिला पाहुण्यांच्या कपात चहा मिळाला. स्वयंपाकघर पुतणीनं आपल्या सोयीनं लावलं होतं. लामाराला चमचे सापडेनात.

"आता राहशील ना?" मेराबीनं विचारलं.

"बघू," ती म्हणाली, आणि ठरल्या तारखेच्या आधीच निघाली.

बारीत तिनं दार उघडलं तेव्हा म्हातारा खुर्चीतूनच म्हणाला, "आलं का रडू?"

"नाही, बाबा."

"ठीक आहे. नुन्झियाचा स्वयंपाक खाऊन मी मरतोय."

तिनं पिशवी ठेवली, झडपा उघडल्या आणि पलंगाच्या कडेला बसून मेराबीला लिहिलं, घरी पोचले. पाठवल्यावर 'घरी' हा शब्द तिच्या नजरेत आला. पुसावा का, असं क्षणभर वाटलं. पण म्हातारा हाका मारत होता, त्याचे मोजे सापडत नव्हते. ती तशीच उठून गेली.