मिशारीची गाडी सुरू का झाली नाही

महबूबभाईंना अबू मिशारींना एकच गोष्ट सांगायची होती, आणि सहा वर्षं मी ती त्यांना सांगू दिली नाही. आता हे लिहिताना मला फार पश्चात्ताप झालाय असा आव मी आणणार नाही. पश्चात्ताप झालेला माणूस उठून काहीतरी करतो. मी टेबलाशी बसून लिहितोय.

मी सलील, नाशिकचा. कुवेतला पेट्रोकेमिकल प्लांटवर मेंटेनन्स इंजिनियर, राहायला मंगफला. आमच्या बिल्डिंगमधली मराठी मंडळी सुट्टीला गेली की गंगापूर रोडला नाहीतर कोथरूडला प्लॉट बघून यायची. मी १९९८ साली फिंतासमधल्या अबू मिशारी या म्हाताऱ्या कुवेती गृहस्थांच्या अंगणातून १९७० ची शेव्हेल ही अमेरिकन गाडी विकत घेतली. दोन दारं, आठ सिलिंडर, लांबलचक नाक. कॉलेजात असताना एका जुन्या मासिकात तिचं चित्र पाहिलं होतं, ते डोक्यातून गेलं नव्हतं. माझ्या वाट्याला आली तेव्हा तिचा लाल रंग विटकरी झाला होता, टायर जमिनीला चिकटले होते आणि सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. माझी बायको शलाका तिला पहिल्याच दिवशी 'म्हैस' म्हणाली, आणि पुढं तेच नाव घरात चाललं.

गाडी त्यांच्या मुलाची, मिशारीची; अबू मिशारी म्हणजे मिशारीचे वडील. नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं. त्यानंतर दीड महिन्यानं सैनिकांनी मिशारीला याच अंगणातून, याच गाडीतून ओढून नेलं. चोवीस वर्षांचा होता. पत्रकं वाटायचा, कुणीतरी नाव सांगितलं. तो जिवंत आहे की नाही हे पुढं कुणालाच कळलं नाही. असे शेकडो होते, त्यांचे फोटो तेव्हा सरकारी कचेऱ्यांतून लावलेले असायचे.

अबू मिशारी तरुणपणी खजूर घेऊन मुंबईला यायचे, त्यामुळे हिंदी बोलायचे. मी गाडी घेतली त्याच वर्षी त्यांची बायको वारली होती. घरात एकटे, आणि खिडकीतून दिसायची ती गाडी. म्हणून विकायला काढली. अट एकच घातली.

"चालू हो जाए तो एक बार इधर लाना. आवाज सुनना है."

मेकॅनिकही त्यांनीच सांगितला. "महबूब. शुवेख में गराज है. पहले से इस गाडी का काम वही करता था. अच्छा आदमी, हर ईद पे सलाम करने आता है."

महबूबभाई हर्णैचे. पन्नाशीचे, शिडशिडीत, अमेरिकन इंजिनांवर हात बसलेला. क्रेननं गाडी त्यांच्या गॅरेजसमोर उतरवली तेव्हा ते जवळ आले नाहीत. नळाखाली हात धूत उभे राहिले, कितीतरी वेळ. जुनी ओळखीची गाडी बघून माणसाला भरून आलं असेल असं मला वाटलं. मी मजुरीचा विषय काढला तर म्हणाले, "ती रव्हांदे, सायेब. पार्ट तुमचे, काम माझां."

मला आनंद झाला. फुकट म्हटल्यावर होतोच.

दर शुक्रवारी सकाळी मी शुवेखला जायचो आणि त्यांच्या हाताखाली राबायचो. तिसऱ्या शुक्रवारपर्यंत इंजिन बाहेर काढून पूर्ण उघडलं होतं. फरशीवर जुन्या चादरी अंथरून त्यावर सगळे भाग मांडलेले, प्रत्येकाजवळ खडूनं आकडा आणि त्यांनाच कळतील अशा खुणा. मी एका बाजूला डिस्ट्रिब्युटर साफ करायला घेतला. त्याच्या टोपीखाली रोटर म्हणून एक छोटा भाग असतो. तळहातात मावेल एवढा. तो फिरत फिरत प्रत्येक सिलिंडरला ठिणगी पोचवतो. तो नसला की स्टार्टर मारला तर इंजिन नुसतं घरघरत राहतं, पेट घेत नाही. मी टोपी उघडली तर रोटर नाही.

"बघा, महबूबभाई," मी म्हणालो, "चोरांनी काय नेलं तर हे."

ते पिस्टन पुसत होते. पुसायचे थांबले नाहीत.

"चोर नाय, सायेब. मी काढला तो."

मग त्यांनी सांगितलं. ऑगस्टच्या शेवटी हिंदुस्थानी लोक बसगाड्या करून बगदादमार्गे जॉर्डनकडं निघत होते. महबूबभाईंची बसही ठरली होती. जायच्या दिवशी सकाळी ते शेव्हेलच्या कागदपत्रांचं पाकीट परत करायला फिंतासला गेले. सैनिक त्या दिवसांत दिसेल ती गाडी घेऊन जात होते. घरात कुणी जागं नव्हतं, बाहेर बस हॉर्न मारत होती. त्यांनी पाकीट दाराखालून सरकवलं, शेडमध्ये जाऊन बॉनेट उघडलं आणि रोटर काढून खिशात टाकला. गाडी सुरूच झाली नाही तर नेणार कशी, असा हिशेब. आमच्या धंद्यात कुणीही हेच केलं असतं, मीही. अम्मानला पोचल्यावर फोन करून सांगू असं त्यांनी ठरवलं. अम्मानला पोचेपर्यंत कुवेतचे फोन बंद पडले होते.

"ब्याण्णवला परत आलो तवा शेजारच्या वॉचमननं सांगितलां," ते म्हणाले. "पोरगा गाडीत बसून स्टार्टर मारत होता. मारतच होता. त्या आवाजावरच ती माणसां आली." पिस्टन त्यांनी चादरीवर जागच्या जागी ठेवला. "सा वर्सां दर ईदीक जातंय. आज सांगीन म्हणून जातंय, कॉफी पिऊन परत येतंय. आता ही गाडी तुमी माझ्याच दारात आणलात. आता सांगाया पायजे."

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, घाई करू नका. परका देश आहे, तुमचा व्हिसा कुवेती माणसाच्या हातात आहे. म्हातारा चिडला, पोलिसात गेला, तर उद्या तुम्हाला विमानात बसवून देतील. हर्णैला दोन मुली लग्नाच्या आहेत तुमच्या. गाडी पूर्ण होऊ दे, मग शांतपणे बघू.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण ते बोलताना मी त्यांच्याकडं बघत नव्हतो. मी फरशीकडं बघत होतो. चादरींवर पसरलेलं ते इंजिन त्यांच्याशिवाय कुणाला जुळवता येणार नव्हतं.

घरी येऊन शलाकाला सांगितलं. ती चपात्या लाटत होती. "हे त्यांच्यासाठी चाललंय का म्हशीसाठी?" एवढंच तिनं विचारलं. मी तिच्यावर ओरडलो. खरं बोलणाऱ्यावर ओरडायची मला सवय आहे.

काम चार वर्षं चाललं. खाऱ्या हवेनं गाडीचा तळ खाल्लेला, तो कापून नवा पत्रा जोडला. कार्ब्युरेटरमधून चहाच्या गाळणीनं गाळावी इतकी बारीक वाळू निघाली. अमेरिकेहून कॅटलॉगमध्ये खुणा करून मागवलेले भाग यायला तीन तीन महिने लागायचे आणि आले की त्यातले अर्धे वेगळ्याच सालाचे निघायचे. मी प्लांटवरचे वाईट दिवस त्या गॅरेजच्या आशेवर काढले. ती वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती, हेही सांगून टाकतो. महबूबभाई मात्र वाळत गेले. जेवणाचा डबा उघडायचे, दोन घास खाऊन बंद करायचे. मी विचारायचं टाळायचो.

२००२ च्या फेब्रुवारीत गाडी तयार झाली. अट पाळायला आम्ही दोघं ती घेऊन फिंतासला गेलो. महबूबभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गेटपाशी त्यांनी माझ्या हाताला हात लावला. "आज सांगतंय, सायेब."

अबू मिशारी काठी टेकत बाहेर आले, ड्रायव्हरच्या सीटवर बसले, डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते. मी महबूबभाईंना बाजूला घेतलं. "आज नको. किती वर्षांनी माणूस हसतोय बघा." महबूबभाईंनी बघितलं. मान हलवली. त्यांना माझं पटलं, कारण ते मला शिकलेला माणूस समजायचे.

त्या दिवशी निघताना म्हाताऱ्यानं त्यांच्या दोन्ही गालांना गाल लावले.

सद्दाम गेल्यावर इराकच्या वाळवंटात सामूहिक कबरी सापडायला लागल्या. हाडं तपासून एकेकाचं नाव लागायचं आणि पेपरात यायचं. २००४ च्या ऑक्टोबरात मिशारीचं आलं. दफन झालं, तीन दिवस दुखवट्याची बैठक होती. तिसऱ्या दिवशी महबूबभाई माझ्या फ्लॅटवर आले. दारातच म्हणाले, "आता तरी नको म्हणू नका."

मी नको म्हटलं नाही. मी म्हटलं, आधी मी जातो, अंदाज घेतो, मग तुम्हाला आत बोलावतो. दुपारी चारला आम्ही पोचलो. महबूबभाई गाडीतच थांबले.

बैठकीच्या खोलीत लोक पांगले होते. अबू मिशारी भिंतीशी एकटे बसले होते. नोकरानं मला कॉफी दिली. मी दुःखाचे चार शब्द बोललो. त्यांनी ते ऐकले की नाही कळलं नाही. मग ते आपणहून बोलायला लागले, खालच्या आवाजात, जमिनीकडं बघत.

"उसको मैंने मारा."

मी काहीतरी म्हणायला गेलो, त्यांनी हात वर करून थांबवलं. सांगत होते ते असं. लाल गाडी, सैनिकांच्या डोळ्यात भरेल, म्हणून त्यांनी मुलाला ती काढायला बंदी केली होती. चावी तांदळाच्या पिंपात लपवली. गाडी चाळीस दिवस बंद राहिली. मग मुलाला पळायची वेळ आली तेव्हा त्यांनीच चावी काढून त्याच्या हातात दिली आणि खिडकीत उभे राहिले. गाडी नुसती घरघरत राहिली, सुरू झाली नाही. चाळीस दिवसांत बॅटरी मेली होती.

"चावी नहीं छुपाता तो चला जाता," ते म्हणाले. "मिशारी की माँ को भी नहीं बोला मैंने. वो चली गई."

चौदा वर्षं हा माणूस असं समजून जगत होता. त्यातली पहिली काही महबूबभाईंच्या नावावर होती. पुढची सहा माझ्या. मी बोललो. म्हटलं, बॅटरी मेलेली असती तर स्टार्टरचा आवाजच आला नसता. तुम्ही तो आवाज ऐकलात, म्हणजे बॅटरी चांगली होती. तुमची चावी कारण नव्हती. मग रोटरचं सांगितलं, आणि महबूबभाईंचं.

मला वाटलं, अबू मिशारी ओरडतील. ओरडले नाहीत.

"बचाने के लिए निकाला," ते म्हणाले. "ठीक. मैं भी निकालता." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम को कब बोला उसने?"

मला विचार करावाच लागला नाही. "आज," मी म्हणालो. "इधर आते टाइम."

त्यांनी मान डोलावली. हातातली माळ बाजूला ठेवली.

"हर ईद पे इस घर में बैठा. मेरे हाथ से कॉफी लिया. मेरा मुँह देखता था और चुप बैठता था. एक बार बोल देता, तो मैं…" वाक्य तिथंच सोडून म्हणाले, "पुर्जा निकाला, वो माफ. चुप रहा, वो माफ नहीं. उसको अब इस घर में नहीं आना."

एक वाक्य पुरेसं होतं. तो सहा वर्षांपूर्वीच सांगणार होता, मी अडवलं. वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी कॉफी संपवली, आणखी नको या खुणेनं छोटा कप हलवून परत दिला, आणि उठलो. मी भित्रा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं असं नाही, पण इतका आहे हे तिथं कळलं.

बाहेर महबूबभाई गाडीला टेकून उभे होते. "काय म्हणाले?"

"आज नको म्हणाले. फार थकलेत."

"बरां," ते म्हणाले. "थकलेच असतील."

दुसऱ्या दिवशी ते मला न विचारता एकटेच गेले. संध्याकाळी माझ्याकडं आले. शलाकानं पाणी दिलं, ते तसंच हातात धरून बसले. नोकरानं गेटवरूनच परत पाठवलं होतं. मालक तुम्हाला भेटणार नाहीत, पुन्हा येऊ नका, म्हणाला होता.

"असां कधी झालां नाय, सायेब," ते म्हणाले. "त्यांच्या कानावर गेलां असंल काय? तुमच्या तोंडून तर काय निघालां नाय ना?"

शलाका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

महबूबभाईंचा चेहरा जरा मोकळा झाला. पेला त्यांनी टेबलावर ठेवला.

"मग ठीक," ते म्हणाले. "परत जातंय मी. ह्यां माझ्याच तोंडून त्यांना कळाया पायजे."