हेल्पिसच्या दगडावर नसलेली ओळ

मी एक वेबसाइट बोलतेय. दचकू नका, काही विकायला आलेली नाही. रोमच्या तेस्ताच्चो वस्तीतल्या एका शाळेची मी. वय सव्वीस. आमच्यात हे वय म्हणजे शंभरी उलटल्यासारखंच.

मला घडवलं एर्सिलिया कोर्वी या लॅटिनच्या बाईंनी. प्राचीन रोमचा अभ्यास करायचा तर इंटरनेटवर धड काय मिळतं, त्याची यादी म्हणजे मी. शिलालेख कुठे वाचावेत, जुने नकाशे कुठे, नाण्यांचे फोटो कुठे. प्रत्येक लिंकपुढे बाईंचा शेरा असायचा. ‘चित्रं छान, तारखांवर विश्वास ठेवू नका.’ ‘हे गृहस्थ फार बोलतात, पण खरं बोलतात.’ दर सप्टेंबरला शाळा उघडण्याआधी बाई एकेक लिंक दाबून बघायच्या. बंद पडलेली काढायच्या, नवी लावायच्या.

बाई निवृत्त झाल्या आणि ते थांबलं. दोनशे लिंकांपैकी आता तीसेक उघडतात. एक तर थेट बुटांच्या दुकानात नेते. लाज वाटते हो.

खरं सांगायचं तर मुलं माझ्याकडे यादीसाठी कधी आलीच नाहीत. त्यांना हवं असायचं तयार भाषांतर. घरी दिलेला लॅटिन उतारा कुठून तरी उतरवायचा आणि फुटबॉल खेळायला पळायचं. शेवटी बाईंचं डोकं फिरलं आणि त्यांनी एक खोडी काढली.

शाळेपासून दहा मिनिटांवर एका अंगणाच्या भिंतीत हेल्पिस नावाच्या स्त्रीच्या थडग्याचा दगड बसवलेला आहे. हेल्पिस आधी दासी होती, मग स्वतंत्र झाली, मसूर विकायची. हा दगड तिने जिवंतपणीच, स्वतःच्या कमाईतून, स्वतःसाठी उभारला, एवढंच त्यावर कोरलंय. बाईंनी माझ्यावर त्याचं भाषांतर टाकलं, पण तिच्या कमाईची ओळ गाळून भलतीच घातली: ‘लाडका मुलगा फेलिक्स याने हा दगड उभारला.’ मग वर्गात हाच लेख भाषांतराला दिला आणि वह्या आल्यावर गोड आवाजात विचारलं, “काय रे, फेलिक्स बरा आहे ना?” एकोणीस माना खाली गेल्या.

सापळा दरवर्षी लागायचा, दरवर्षी निघायचा. निवृत्तीच्या वर्षी मात्र निरोपसमारंभाच्या गडबडीत तो काढायचा राहिला.

मग इतर वेबसाइटवाल्यांनी माझ्यावरून उतरवून घेतलं, त्यांच्यावरून आणखी कुणी. एकाने फेलिक्सच्या मातृभक्तीवर लांबलचक लेख पाडला. मातृदिनाच्या शुभेच्छापत्रांवरही फेलिक्स झळकला. माझ्या हातात काय होतं?

या वसंतात रुजेरो सांतुची या तरुण सरांनी तोच दगड अभ्यासाला दिला. नीवेस नावाच्या मुलीने प्रत्यक्ष जाऊन, उकिडवं बसून तो वाचला. सरांनी वर्गातल्या मोठ्या पडद्यावर मला उघडलं.

“नीवेस, तुझ्या भाषांतरात फेलिक्स कुठे गेला?”

“सर, दगडावर नाहीये तो.”

“इंटरनेटवर अकरा ठिकाणी आहे. तू एकटीच शहाणी?”

“तुम्ही बघितलाय का दगड?”

मागून कुणीतरी पुटपुटलं, “मेली ही आता.” सरांचे कान लाल झाले. दहापैकी चार गुण. वर्षअखेरीच्या निकालात लॅटिन राहणार, म्हणजे उन्हाळाभर पुस्तक आणि शाळा उघडायच्या आधी पुन्हा परीक्षा. पोरीचं काहीही चुकलेलं नव्हतं. मला इतकं अपराधी कधीच वाटलं नव्हतं.

माझ्या तळाशी बाईंचं नाव आहे. ते वाचून नीवेस त्यांचं घर शोधत गार्बातेल्ला वस्तीत गेली. बाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. पोरीने फोनवर मला उघडून टेबलावर ठेवलं.

“बाई, हा फेलिक्स कोण हो?”

बाईंनी चष्मा चढवला. “अगं देवा! हा अजून आहे? मीच जन्माला घातला गं त्याला, चोर पकडायला.”

“चोर सुटले बाई. पकडले गेले मी.”

बाईंनी मटार बाजूला सारले. मग ती ओळ काढायला त्यांनी माझे पासवर्ड आठवून बघितले. मांजराचं नाव, नवऱ्याचं नाव, बहिणीची जन्मतारीख. मी एकही घेऊ शकले नाही. दार माझंच, पण कुलूप माझ्या हातात नाही.

बाईंनी सरांना फोन करून सगळं कबूल केलं. सर भले निघाले. दुसऱ्या दिवशी वर्गात मला पडद्यावर उघडून म्हणाले, “मी बघून आलो. फेलिक्स नाहीये. चुकलो.” चाराचे आठ झाले.

बाईंना तेवढ्याने चैन पडेना. काठी टेकत त्या शाळेच्या कार्यालयात आल्या. कारकून म्हणाला, “बाई, हिची किल्ली कुणाकडेच नाही. दुरुस्त करता येणार नाही, फार तर कायमची बंद करता येईल.”

बाईंनी पडद्यावर मला उघडलं. सगळे शेरे वाचले. मग म्हणाल्या, “बंद करा.”

शुक्रवारी मी जाणार. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण बाईंवर राग नाही. फार दमलेय मी.

फेलिक्स मात्र उरेल, बाकीच्या दहा ठिकाणी. कुठे भेटला तर त्याला पुढे पाठवू नका. हेल्पिसच्या दगडावर दुसरं कुणीही नाही. तिने आयुष्यभर मसूर विकून स्वतःच्या नावाचा एक दगड उभा केला, आणि तो मी तिच्याकडून काढून घेतला. तुम्ही तिला परत द्या.