नदीतली तीन मिनिटं

कात्रीसाहेब हे नाव त्यांना पहिल्याच आठवड्यात पडलं आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या कानावरही आलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. वीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला ॲनिमेशन स्टुडिओचा प्रमुख करून पाठवलं, तर तिथली माणसं हार घेऊन थोडीच उभी राहणार? संचालक मंडळाला हवं होतं ते त्यांना येत होतं. जे लांबतंय ते आखूड करणं.

आणि स्टुडिओत एकच सिनेमा लांबत होता. पाच वर्षं. आधीच्या प्रमुखांनी त्याला होकार दिला, त्यापायी त्यांची खुर्ची गेली, सिनेमा मात्र चालूच राहिला. गोष्ट साधी होती. एका म्हाताऱ्या घोडीची दृष्टी जाते. कळप तिला मागे टाकून नदीपलीकडे निघून जातो आणि ती एकटी त्याच्या मागे निघते. सिनेमाभर प्राणी एकमेकांशी बोलायचे, पण घोडी पाण्यात उतरली की सगळ्यांची तोंडं बंद. तीन मिनिटं दहा सेकंद पडद्यावर नुसती घोडी आणि नदी.

अर्धवट झालेला सिनेमा शे-दीडशे प्रेक्षकांना दाखवला, तेव्हा नेमक्या त्या तीन मिनिटांत लोक चुळबुळले. अहवालात ‘लांबतं’ हा शब्द अकरा वेळा आला होता. साहेबांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं, ‘नदीचा भाग चाळीस सेकंदांत बसवावा.’ खाली सही, तारीख.

तासाभरात दिग्दर्शिका तो कागद घेऊन केबिनमध्ये आली. पंचेचाळिशीची, सडपातळ, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली बाई. स्टुडिओ तिला ताई म्हणायचा.

“साहेब, तुम्ही हा भाग पाहिलाय?”

“दोनदा.”

“काय पाहिलंत? कच्च्या रेघा आणि उसना आवाज. कच्चं पीठ चाखून बिस्किट नापास करायचात का तुम्ही?”

घाव वर्मी बसला. साहेबांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं.

“मग काय करू म्हणता?”

“खाली चला. दहा मिनिटं.”

तळमजल्यावर बोळाच्या टोकाला एक अरुंद खोली होती. खिडकीच्या काचांवर जाड कागद चिकटवलेला, आणि खालून उजेड येणाऱ्या काचेच्या मेजाशी साठीची एक बाई पाठमोरी बसलेली. हेडफोन लावून, डोळे मिटून. हातातली पेन्सिल हवेतच थांबलेली. ही काकू. चाळीस वर्षं ती चित्रं हलवत आली होती. दोघं दारात उभी होती आणि तिला पत्ताच नव्हता. मग तिने डोळे उघडले, कागदावर एक रेघ ओढली, ती खोडली, केसभर अलीकडे पुन्हा ओढली.

ताईने तिच्या खांद्याला हात लावला. काकूने हेडफोन उतरवले, साहेबांकडे पाहिलं आणि खुर्चीवरचा कागदांचा गठ्ठा उचलून त्यांना जागा करून दिली.

“तुमच्याकडे काय काम आहे?” साहेबांनी विचारलं.

“कान.”

“म्हणजे?”

“घोडीचे कान. डोळे गेल्यावर ती कानांनीच बघणार ना? डावा पाण्यावर ठेवते, उजवा कळपावर. पाणी वाढलं की दोन्ही पाण्यावर. मग कळप हरवतो.” हवामान सांगावं तसं ती सांगत होती. “दाखवते.”

तिने कागदांची एक चळत उचलली, बोटांमध्ये धरली आणि सोडली.

साहेबांनी आयुष्यात यंत्रं पाहिली होती. मिनिटाला हजार बिस्किटं ओतणारी भट्टी त्यांनी स्वतः उभी केली होती. पण हे काही वेगळंच होतं. कागद फडफडले आणि पेन्सिलच्या चार रेघांचा तो कान वळला. नुसता वळला नाही, आधी थबकला, थरथरला, मग काहीतरी ऐकून वळला. कागदावर पाणी काढलेलं नव्हतं. तरी पाणी होतं. त्या कानाला ते ऐकू येत होतं, म्हणून होतं. साहेबांच्या हातावर काटा आला. त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली.

“याला किती दिवस लागले?”

“आठ महिने होतील आता.”

दोन कानांना आठ महिने का, हे विचारण्यासाठीच तर मंडळाने त्यांना नेमलं होतं. प्रश्न जिभेवर आला. तोंड काही उघडलं नाही.

बोळात आल्यावर ताई म्हणाली, “मग? कापायचं?”

“उद्या सांगतो.”

उद्या आला, परवा आला. साहेब दुसऱ्या कामांत गुंतले, निदान तसं स्वतःला सांगत राहिले. ताईने विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं, एवढं तिला कळत होतं. तो कागद फायलीत पडून राहिला, मागे घेतला नाही आणि अंमलातही आला नाही. यात शूरपणा काडीचा नव्हता. एखाद्या देवळापुढून जाताना आपण नकळत आवाज खाली आणतो ना, तसं त्यांचं त्या तीन मिनिटांच्या बाबतीत झालं होतं.

वर्षभराने सिनेमा लागला. पहिला आठवडा बेताचा गेला. दुसऱ्या आठवड्यात मुलं आईबापांना घेऊन आली, तिसऱ्यात आईबाप मुलांना घरी ठेवून पुन्हा आले. चौथ्यात थिएटरं खेळ वाढवू लागली. मग वर्तमानपत्रांनी कारण शोधायला घेतलं आणि त्यांना ते आयतं सापडलं. ‘शांततेवर पैज लावणारा नेता’ असा मथळा, खाली साहेबांचा हाताची घडी घातलेला फोटो. साहेबांनी तो लेख केबिनचं दार लावून वाचला. मुंग्यांनी वारूळ केलं आणि नागोबा आयता येऊन बसला, त्याचा फोटो छापला, असं त्यांना झालं.

लेखाची बातमी त्यांच्या आईपर्यंतही पोचली. आई ऐंशीची. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. गेल्या सहा वर्षांत काचबिंदूने तिची नजर हळूहळू पार नेली होती.

“शेजारीण वाचून दाखवत होती,” ती म्हणाली. “मला ने.”

“आई, सिनेमा आहे तो.”

“मला ठाऊक आहे सिनेमा म्हणजे काय. ने.”

रविवारी दुपारच्या खेळाला ते तिला घेऊन गेले. थिएटर पोरांनी गच्च भरलेलं. साहेब आईच्या कानाशी लागून सांगत राहिले, आता डोंगर आहे, आता घोडी पडली, आता कळप निघाला. आई मान हलवत होती. मग नदी आली.

“आता ती पाण्यात...”

आईने चाचपडत हात वर आणला आणि त्यांच्या तोंडावर ठेवला. “गप. ऐकू दे.”

चारशे माणसांत खोकलासुद्धा नाही. पुढच्या रांगेतल्या एका पोरीचा लाह्यांनी भरलेला हात तोंडापाशी तसाच थांबला होता. साहेबांनी हे दृश्य आजवर नऊ वेळा पाहिलं होतं. म्हणून ते पडद्याकडे न बघता आईकडे बघत होते. तिची हनुवटी किंचित वर गेली होती. पाण्याचा आवाज फुगत गेला, सगळीकडून एकसारखा येऊ लागला, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. मग एकाएकी तिने मान डावीकडे वळवली.

साहेबांनी झटकन पडद्याकडे पाहिलं. पाण्यात घोडी अजून सरळच उभी होती. तिचा डावा कान थरथरला. मग तो वळला आणि मग घोडी वळली.

आई घोडीच्या आधी वळली होती.

कितीतरी वेळ त्यांना पुढचं काही दिसलंच नाही. घोडीचे खूर काठाच्या खडीवर वाजले तेव्हा सगळ्या थिएटरने एकदम श्वास सोडला. आई अंधारात हसत होती.

खेळ सुटल्यावर ते बाहेरच्या बाकावर बसले.

“मधल्या धारेत फसली होती ती,” आई म्हणाली. “मग डावीकडून कुणीतरी दगडावर पाय आपटला. कळपातलंच कुणी. हळू, एकदाच.”

“पाय?” नऊ वेळा पाहून साहेबांना तो आवाज एकदाही ऐकू आला नव्हता.

“तुला कसा येणार? तुला दिसत होतं.” तिने त्यांच्याकडे तोंड वळवलं. “कुणी केलं रे हे?”

“पुष्कळ जणांनी. सहा वर्षं खपून.”

“आणि तू काय केलंस?”

“मी हा भाग कापायला सांगितला होता.”

“मग?”

“मग उद्या सांगतो म्हणालो, आणि सांगितलंच नाही.”

आई एवढी हसली की शेजारून जाणारी माणसं वळून बघू लागली. मग डोळे पुसत म्हणाली, “आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवायचे. दोन माणसांची लाइन जोडून दिली की मधून बाजूला व्हायचं. सोपं नसतं हो ते. कित्येक पोरींना जमायचं नाही, कान लावून बसायच्या. ज्यांना जमलं त्या चांगल्या ऑपरेटर. पण म्हणून त्या दोघांचं बोलणं काही आमचं व्हायचं नाही.”

पुढच्या बुधवारी मंडळाची बैठक होती. अध्यक्षांनी साहेबांचं तोंड भरून कौतुक केलं, पाच वर्षांची मुदतवाढ सुचवली आणि वर आणखी दोन स्टुडिओ हाती घ्या म्हणाले. “तुमची ही दृष्टी तिकडेही हवी आहे.”

साहेबांनी फायलीतून कागद काढला आणि मेजावर ठेवला. चाळीस सेकंदांचा हुकूम, सही, तारीख. कागद हातोहात फिरला.

“पण शेवटी कापलं नाहीत ना तुम्ही?” अध्यक्ष म्हणाले. “यश तर समोर आहे.”

“आहे. पण ते माझ्या दृष्टीचं नाही. मी मधून बाजूला झालो, तेवढंच माझ्या नावावर लिहा. होकार आधीच्या साहेबांचा होता आणि काम खालच्या लोकांचं. पुढचा सिनेमा मी निवडलाय. तो पडला तर मात्र खुशाल माझ्या माथी मारा.”

मुदतवाढ पाचावरून दोन वर्षांवर आली. बाकीचे दोन स्टुडिओ दुसऱ्याला गेले. एक संचालक जिन्यात म्हणाला की स्वतःच्या पायावर असा धोंडा मारून घेणारा माणूस आपण पाहिला नव्हता. साहेबांना तो धोंडा काही लागला नाही.

त्यांनी काकूला आईची हकिकत सांगितली. काकूने पेन्सिल खाली ठेवली. “घोडीच्या आधी? किती आधी?”

“अर्धा सेकंद असेल.”

“सेकंदाला चोवीस, म्हणजे बारा चित्रं,” काकू पुटपुटली. “आणा त्यांना.”

आई आली ती पांढरीशुभ्र साडी नेसून, कामावर रुजू व्हायला यावं तशी. तिला काकूच्याच खुर्चीत बसवलं, हेडफोन लावले, आणि पुढच्या सिनेमाचा एक कच्चा तुकडा ऐकवला. ताई दारात उभी राहिली. तिच्यामागे आवाजवाला, त्याच्यामागे आणखी दहा-बारा जण.

“काय चाललंय असं वाटतं, आई?” ताईने विचारलं.

“कुणीतरी जिना चढतंय.”

आवाजवाला हळूच म्हणाला, “उतरतोय तो.”

“चित्रात उतरत असेल. पावलं चढणाऱ्याची आहेत. उतरणारा टाच जपतो.”

आवाजवाल्याने तुकडा पुन्हा लावला. स्वतः ऐकला. मग डोळे मिटून तिसऱ्यांदा ऐकला आणि हेडफोन उतरवून नुसता आईकडे बघत राहिला. साहेब सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभे होते. ते तिथे आहेत हे कुणाच्या लक्षातही नव्हतं, आणि पुढचं नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी श्वाससुद्धा जपून घेतला.