धाकटीच्या पायाचा कौल

जावाजावांचं म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य, असं लोक म्हणतात. या दोघींनी मात्र लोकांना बोलायला जागाच ठेवली नाही. थोरली कथा लिहायची आणि मोठ्याने वाचायची. धाकटी शिलाई मशीनवर बसून ऐकायची. मशीन धडधडत राहिलं की थोरलीने समजावं, मजकूर कंटाळवाणा आहे. पाय थांबला की ते वाक्य ठेवायचं. कौतुकाचा शब्द धाकटीच्या तोंडून चुकूनही निघत नसे.

"ताई, आज अख्खा पडदा शिवून झाला," एवढंच ती म्हणायची. थोरली मुकाट्याने पानं फाडायची.

धाकटी गेली तेव्हा पुस्तकातली शेवटची कथा अर्धीच होती. थोरलीने पुढे एक वाक्य कसंबसं लिहिलं आणि हात जो थांबला तो थांबलाच. प्रकाशकाचे फोन यायला लागले. मग पुतण्याने, धाकटीच्याच मुलाने, तिला संगणकावर एआय सुरू करून दिलं.

"काकू, याला विचार. आईसारखं टोचून बोलणार नाही."

एआय कामाचं निघालं, खोटं कशाला बोला! मधला गुंता त्याने चुटकीसरशी सोडवला. नायिकेची मैत्रीण आधी डावखुरी होती आणि पुढे उजव्या हाताने लिहीत होती, तेही पकडलं. शेवट तर मागावेत तेवढे दिले. पण थोरलीने काहीही खरडलं तरी "फारच हृदयस्पर्शी!" म्हणत हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं. मुद्दाम घातलेल्या भिकार ओळीलाही तेच.

थोरली वैतागली. "तुला कंटाळा कुठे आला, तेवढं सांग."

"मला कंटाळा येत नाही," उत्तर आलं. "वाचकाला कुठे येईल, याचा अंदाज देऊ शकतो."

उत्तर प्रामाणिक होतं. थोरलीला मात्र घर खायला उठलं.

मग तिने त्यालाच सगळी कथा, सगळ्या शेवटांसकट, मोठ्याने वाचायला लावली आणि स्वतः धाकटीच्या मशीनवर जाऊन बसली. सुईखाली अर्धवट शिवलेला उशीचा अभ्रा तसाच होता. शिवणकामात थोरलीची बोंबच. टीप वाकडीतिकडी धावली. पण पाय चालत राहिला. कथेत मैत्रिणीला गाडीत बसवून नायिका घरी परतली.

"चपला न काढताच ती खुर्चीवर बसून राहिली," आवाजाने वाचलं.

पाय थांबला.

हेच ते धाकटी गेल्यावर थोरलीने लिहिलेलं एकुलतं वाक्य. दवाखान्यातून एकटी परतली त्या दिवशी तीही अशीच बसली होती. धाकटीने ते कधी ऐकलंच नव्हतं. कथा इथेच संपत होती, पुढचं सगळं फुकट होतं.

"ऐकलंस का गं, धाकटे?" ती सवयीने म्हणाली. धाकटीच्या जागेवर तर ती स्वतःच बसली होती.

आवाज पुढचा शेवट वाचू लागला. नायिकेने म्हणे खिडकी उघडली आणि खोली उन्हाने भरून गेली. थोरली अभ्रा डोळ्यांना लावून हमसून हमसून रडत होती. त्याला थांब म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, ते वाचतच राहिलं.